कुटाराचं डुक्कर

तुम्ही कधी पोत्याला घाबरलात का हो?

हसू नका. साधं पोतं, तूर भरतात ते. मी घाबरले आहे, आमचे गुरुजी घाबरले आहेत, आणि जंगलखात्याचा एक नाकेदार तर झाडावर चढला होता! बायका-बायका बसलो की मी एखादा किस्सा सांगते, त्याच्या मागून दुसरा येतो, मग तिसरा. कापूस वेचताना आपण ओटीत एकेक बोंड टाकत जातो ना, हाताला वजन म्हणून लागत नाही; आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येईपर्यंत मान वाकलेली असते. हे किस्से तसेच साचले.

गोष्ट मुकुटबनच्या पलीकडच्या एका पोडावरची. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. साल एकसष्ट-बासष्ट असेल. आमच्या गुरुजींची तिथल्या एकशिक्षकी शाळेवर बदली झाली, आणि त्यांच्या मागे मी. माहेर नेरचं, शिक्षण हायस्कुलापर्यंत, आणि जंगल पाहिलेलं ते मोटारीच्या खिडकीतून! शाळेला लागून आमची खोली, आणि दोन्हींना मिळून एक ओसरी. संध्याकाळी पोडातली माणसं त्या ओसरीवर येऊन बसायची.

त्या वर्षी रानात एक डुक्कर माजलं होतं. एक सुळा तुटलेला, म्हणून सगळे त्याला एकसुळ्या म्हणायचे. पोडातला सोमा चांगला तीरंदाज, पण पावसाळ्याच्या तोंडावर एकसुळ्यानं त्याची मांडी फाडली. वणीच्या दवाखान्यात टाके घालून आणले. पाय बरा झाला. हात मात्र गेला. म्हणजे हाताला काही लागलेलं नव्हतं. पण रानात धनुष्य उचललं की तो लटलट कापायचा.

आता पोडाची रीत अशी, की जवारी निसवली, म्हणजे कणसं बाहेर आली, की प्रत्येक घरानं आपल्या बाजूची जागल करायची. रात्रीची राखण. कुणी दुसऱ्याची बाजू घ्यायची नाही, कारण तेवढ्या वेळात त्याची स्वतःची उघडी पडते. सोमाच्या घरात माणसं दोनच. सोमाचा पाय शेताकडे वळेना, तेव्हा त्याची बायको जंगूबाई जायला लागली. हातात वाजवायला एक डबडं. आणि तिला दिवस गेलेले!

"पोट पुढं येऊन राह्यलं अन् हे पोरगी मचानावर चढून राह्यली," लेतू आजा म्हणाला. लेतू आजा म्हणजे पोडातला सगळ्यात जुना शिकारी. "जवारी भरते तं एकसुळ्या येतेच. त्याच्या आंदी सोमाचा हात वापस आनाले पायजे."

हात परत आणायचा उपाय त्यांच्याकडे एकच. खोटं डुक्कर करायचं, आणि त्यावर तीर मारत राहायचं.

❋

पहिलं डुक्कर म्हणजे नुसतं पोतं. त्यात जवारीचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, ठासला, चार काठ्यांचे पाय केले, आणि दाभण-सुतळी घेऊन तोंड शिवायला बसले मी.

गुरुजींना ते रुचेना. छप्पन साली आमच्या दोघांच्याही घरांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून गुरुजी पंचशील नुसतं म्हणत नसत, पाळत. घरात विंचू निघाला तरी चिमट्यात धरून नाल्यापलीकडे सोडून यायचे.

"जीव मारायची तयारी, आणि ती आपल्या ओसरीवर?" ते म्हणाले.

"पोत्यात कुठं जीव आहे?"

"नेम तर जिवावरच आहे ना!"

"आणि जंगूबाईच्या पोटात काय आहे? कुटार?"

गुरुजी आत गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळानं परत आले ते हातात दुसरं दाभण घेऊन! "हे जाड आहे. त्यानं टाका पक्का बसेल. तुझा उसवतो."

दुसऱ्या दिवशी सोमानं तीर मारले. सगळेच्या सगळे पोत्यात! हात जरासुद्धा हलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. सोमा मात्र धनुष्य टेकवून उभा राहिला, हसला नाही की काही नाही.

"हे तं आमच्याच वावरातलं कुटार हाये, गुरुजी," तो म्हणाला. "आपल्याच जवारीले मी कायले भिऊ?"

"मंग भेव वाटंल असंच करू!" लेतू आजा म्हणाला.

आणि केलं. भीती वाटायला लागली. फक्त ज्याला वाटायला हवी त्याच्या आधी ती बाकी सगळ्यांना वाटली!

❋

लेतू आजानं कुठून तरी डुकराचं जुनं कातडं आणलं. केस राठ, पाठीवरचे तर दाभणासारखे उभे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पोतं, पोत्यावर कातडं. पाठ उंच, मागचा भाग उतरता, मान नाहीच. मी दोन दिवस शिवत होते. पूर्ण झालं आणि मला वाटलं, काहीतरी राहिलं. डोळे! गुरुजींच्या जुन्या कोटाची दोन काळी बटणं काढली आणि लावून टाकली. माझ्या हातचं काम मलाच फार आवडलं.

सकाळी उजाडायच्या आधी मी घागर घेऊन बाहेर पडले. ओसरीवर डुक्कर! ते माझ्याकडे बघत होतं. मी डावीकडे सरकले, तरी माझ्याकडेच. घागर सोडली आणि किंचाळत आत पळाले. गुरुजी अंथरुणातून उठले ते हातात खडूची पेटी घेऊन!

"काय झालं?"

"डुक्कर!"

"कोणतं?"

"मी शिवलेलं!"

गुरुजी इतके हसले की खडू सांडले. पण उजाडल्यावर लेतू आजा आला, आणि ओसरीची पायरी चढेना. लांबूनच विचारलं, "डोये कोनं देल्ले ह्याले?"

"मी दिले, आजा. काहून?"

"सरावाच्या जनावराले डोये नाई देत, बाई. जनावरानं आपल्याले पाह्यलं, तं मंग ते वयखते."

मी बटणं काढली. बटणांच्या जागी दोन भोकं राहिली, आणि खरं सांगू का, भोकं बटणांहून वाईट दिसायची!

❋

नाकेदार महिन्यातून एकदा यायचा. जंगलखात्याचा माणूस, खाकी कपडे, हातात बांबूची छडी. पोडावर कुणी चोरून लाकूड तोडलं का, हे बघायचं ते त्याचं काम. आला की कुणाच्या तरी घरची कोंबडी जायची, म्हणून तो दिसला की पोडातल्या कोंबड्याही गप्प व्हायच्या.

त्या दिवशी डुक्कर शाळेमागे गवतात उभं केलं होतं. नाकेदार पायवाटेनं आला, वळला आणि समोर ते! छडी एकीकडे, टोपी एकीकडे, आणि साहेब मोहाच्या झाडावर! वयस्कर, जाडजूड माणूस. कसा चढला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

वरून ओरडायला लागला, "अरे ए! हाकला त्याले! सरकारी ड्यूटीवर हाये मी!"

लेतू आजा झाडाखाली जाऊन उभा राहिला. "साहेब, तुमीच तं सांगतलं, हे रान सरकारचं हाये. मंग डुक्करई सरकारचंच झालं. सरकारच्या डुकराले आमी कसं हात लावाव?"

"मी रिपोर्ट करीन!"

"वरूनच करता का खाली येऊन?"

शेवटी गुरुजींना राहवलं नाही. ते गेले, डुकराच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला उचलून काखेत मारलं. नाकेदार हळूहळू खाली उतरला, टोपी झटकली आणि म्हणाला, "ह्या झाडाची तपासनी बाकी होती."

सगळं पोड हसलं. त्या दिवशी एकही कोंबडी गेली नाही! फक्त सोमा हसला नाही. तो गुरुजींच्या काखेतल्या त्या जनावराकडे बघत होता, आणि जंगूबाई त्याच्याकडे.

❋

डोळे नाहीत, तर सुळे तरी हवेत. मुकुटबनला लेतू आजाच्या ओळखीचा एक म्हातारा शिकारी होता, त्याच्या दारावर डुकराचा जबडा टांगलेला होता. तो मागून आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाजाराला मी जाणारच होते. मी कापडी पिशवीत जबडा घातला आणि परतीच्या मोटारीत बसले.

एक सांगते. त्या मोटारीत माझ्या शेजारची जागा पुष्कळदा रिकामी राहायची. लोक एकमेकांना ओळखायचे, कोण कुठल्या वस्तीतलं ते माहीत असायचं. धर्म बदलला म्हणून लोकांची नजर लगेच बदलत नाही. माणसं उभी राहायची, पण बसायची नाहीत. मी खिडकीबाहेर बघायला शिकले होते.

त्या दिवशी खड्ड्यात मोटार आदळली, पिशवी मांडीवरून पडली, आणि एक सुळा कापड फाडून बाहेर आला. पुढच्या सीटवरच्या माणसानं पाय वर घेतले.

"बाई, पिशवीत काय हाये?" कंडक्टरनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. "डुकराचा जबडा."

"कायले?"

"शाळेत पाहिजे."

"बाप्पा! आता पोराईले हे शिकवून राह्यले काय!"

मागची अर्धी मोटार पुढच्या अर्ध्या मोटारीत गेली! माझ्या आजूबाजूला एकही माणूस नाही. मला हसू येत होतं, तरी मी खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात पुढून एक म्हातारी धक्के खात मागे आली. डोक्यावर गाठोडं, वरच्या जातीच्या घरची हे तिच्या लुगड्यावरून कळत होतं.

"सरक व माय," ती म्हणाली. "हे समदे मेलेल्या दाताले भेले. माहे पाय दुखून राह्यले, मले बसाले जागा पायजे!"

आणि बसली. माझ्या अगदी शेजारी, पिशवीला पाय लावून. फाटा येईपर्यंत घोरत होती!

❋

सुळे बसले, तरी सोमाचा नेम चुकेना आणि लेतू आजाचं समाधान होईना. "हे उभं राह्यते," तो म्हणायचा. "खरं डुक्कर उभं राह्यत नाई, ते येते." आणि डुक्कर कसं येतं ते दाखवायला त्यानं काय करावं? भरदुपारी कातडं सोडवलं, आपल्या पाठीवर घेतलं, जबडा तोंडासमोर धरला, आणि शाळेच्या अंगणात रांगायला लागला!

तुम्ही लेतू आजाला पाहिलं नाही, म्हणून तुम्हाला हसू येईल. ते कातडं अंगावर पडलं आणि आजा उरलाच नाही. आधी घशातून घुरघुर. मग थांबणं. मान खाली, पुढच्या पायानं माती उकरणं. आतल्या पोरांची पाढ्यांची घोकणी बंद पडली. गुरुजी दारात आले आणि तिथेच थिजले.

सोमा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याच्या हातात धनुष्य होतं. ते आमच्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा त्यानं तीर लावून दोरी ताणली होती.

त्याचे डोळे आमच्याकडे नव्हते. ते कुठेच नव्हते. हात असा हलत होता की तीराचं टोक कधी आजावर, कधी गुरुजींवर, कधी माझ्यावर. कुणाच्या तोंडातून आवाज निघेना. कातड्याखाली आजाला काहीच दिसत नव्हतं. तो आपला घुरघुरत पुढे, आणखी पुढे.

तीर सुटला.

तो आजाच्या डोक्यावरून गेला आणि शाळेच्या घंटेवर बसला. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. टण्ण! असा आवाज झाला की सारी पोरं पाटी-दप्तर घेऊन भर्रकन घरी पळाली. त्यांना वाटलं, शाळा सुटली!

अंगणात आम्ही चौघंच उरलो. सोमा मटकन खाली बसला होता. आणि कातड्याखालून आजाचा आवाज आला, "काहून थांबले? चांगलं नाई जमून राह्यलं काय?"

हसण्यासारखंच आहे. पण त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही.

❋

जवारी दाण्यात आली. शेताच्या कडेला एकसुळ्याचे पाय उमटायला लागले. एकदा तर आमच्या विहिरीजवळसुद्धा. रात्री अंथरुणात पडल्या-पडल्या मला जंगूबाईचं डबडं ऐकू यायचं. वाजत असलं की बरं वाटायचं. थांबलं की मी उठून बसायची. गुरुजी अंधारात म्हणायचे, "दम घेत असेल." मग ते वाजायचं आणि आम्ही दोघंही झोपल्याचं सोंग करायचो.

बाजारात गुरुजींना एक जुना पांगुळगाडा मिळाला, पोरांना चालायला शिकवतात तो. त्यावर डुक्कर बसवलं. सोमाच्या वावरात तुरीपासून मचाणापर्यंत धुऱ्यावरचं गवत कापलं, डुकराला लांब दोरी बांधली, आणि दोरीचं टोक मचाणावर. वरून ओढलं की डुक्कर धुऱ्यावरून सरळ मचाणाकडे यायचं. मधे सोमा उभा राहायचा.

पहिल्या दिवशी दोरी जंगूबाईनंच हातात घेतली. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. तिनं ओढलं, आणि काटक्या मोडत ते काळं धूड निघालं.

सोमानं धनुष्य टाकून दिलं. पळाला नाही, पळता आलं असतं तर बरं झालं असतं. तो जागेवरच पडला, दोन्ही हातांनी मांडी धरून, आणि ओरडला, "जंगे! जंगे!" पांगुळगाडा त्याच्या अंगाला येऊन लागला आणि कलंडला. मी आणखी जे पाहिलं ते सांगत नाही. माणसाची लाज झाकून ठेवावी.

कुणी हसलं नाही. लेतू आजानं तोंड फिरवलं. जंगूबाई पोट सावरत मचाणावरून उतरली, त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "उठा ना. पोतं हाये."

"मले मालूम हाये पोतं हाये," सोमा म्हणाला. "म्हनून तं मरून राह्यलो."

मग उठला. कुणाकडे न बघता डुक्कर उभं केलं, चाकातलं गवत काढलं, आणि ते ढकलत परत तुरीपाशी नेऊन ठेवलं.

"रोज वढ," तो तिला म्हणाला. "मी पयलो तरी वढ. पडलो तरी वढ."

घरी येताना गुरुजी म्हणाले, "मी शीलाचं बोलत होतो त्या दिवशी. भीतीचं मला काही ठाऊकच नव्हतं." त्या दिवसापासून ते रोज सकाळी तीर गोळा करायला जाऊ लागले!

❋

आता हा शेवटचा.

जंगूबाई रोज ओढत होती. दिवस मावळला की एकदा, जागलीला बसायच्या आधी. काही दिवस सोमा पळाला. मग पळायचा थांबला. मग तीर लावायला लागला, पण सोडेपर्यंत डुक्कर पायाशी यायचं. हात कापायचाच. आणि इकडे जंगूबाईचे दिवस भरत आले. तरी ती शिडी चढायचीच.

एका संध्याकाळी मी भाकरी बांधून घेतली आणि शेतावर गेले. मनात ठरवलं होतं, आज तिला घरी घेऊनच यायचं. पण ती वर बसलेली, म्हणून मीही मचाणावर चढले. सोमा खाली, आमच्याकडे पाठ करून धुऱ्यावर उभा. दोरी त्याच्या पायाजवळून गवतातून गेलेली. उजेड राखेसारखा झाला होता. धुऱ्याच्या टोकाला, तुरीला लागून, डुकराचा काळा आकार तेवढा दिसत होता.

"घरी चल, जंगूबाई," मी म्हटलं. "आता हे बस झालं."

"अन् जागल?" ती म्हणाली. "माहीच बाजू उघडी ठेवू काय?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तूर हलली आणि डुक्कर निघालं.

आज ते फार चांगलं येत होतं. मान खाली, थोडं थांबून, मग एकदम वेगात. चाकांचा खडखडाटसुद्धा नाही. मला आपलं वाटलं, गुरुजींनी चाकांना तेल घातलं असेल.

मग माझं मनगट दुखलं. खाली पाहिलं तर जंगूबाईचे दोन्ही हात माझ्या मनगटावर. दोरी तिच्या मांडीवर सैल पडलेली. मी धुऱ्याच्या टोकाकडे पाहिलं. आमचं डुक्कर तिथेच उभं होतं.

"मी वढली नाई, बाई," ती म्हणाली. आवाज नव्हता, नुसते ओठ.

ओरडू का? ओरडले तर सोमाला कळणार की हे डुक्कर खरं आहे, आणि कळलं की त्याचा हात गेला. नाही ओरडले तर तो तिथेच उभा राहणार, पोत्यापुढे उभा राहावा तसा, निर्धास्त. इतका विचार मी केला असं आता वाटतं. तेव्हा फक्त माझं तोंड उघडलं होतं. त्यावर जंगूबाईनं हात दाबून धरला. तिच्या हाताला डबड्याच्या गंजाचा वास होता.

डुक्कर धुऱ्यावर अर्ध्यात आलं. एकच सुळा पांढरा दिसत होता. सोमा हलला नाही. त्यानं धनुष्य उचललं. अजून जवळ. श्वासाचा आवाज मला वर ऐकू येत होता; सोमाच्या की डुकराच्या, सांगता येणार नाही. जंगूबाईची नखं माझ्या गालात रुतली होती.

धनुष्याच्या दोरीचा टणत्कार झाला. एकदाच.

डुक्कर अडखळलं, वळलं, आणि सोमाच्या अगदी बाजूनं गेलं. मचाणाचा खांब हादरला. जवारीत घुसलं, ताटं मोडण्याचा आवाज नाल्याकडे लांब लांब गेला आणि बंद झाला.

सोमा तसाच उभा होता. मग चालत धुऱ्याच्या टोकाला गेला. तिथे आमच्या डुकराच्या अंगावरून त्यानं तीर चाचपडत हात फिरवला, या बाजूनं, त्या बाजूनं. तीर न घेताच परत आला. गवतात पडलेली दोरी पायानं बाजूला सारली आणि मचाणाखाली येऊन वर पाहिलं.

"आज लय जोरात वढली व तू," तो म्हणाला.

"हो," जंगूबाई म्हणाली.

"उतर आता. बाईसंग घरी जाय. मी बसतो."

तो खाली शिडी धरून उभा राहिला. मी आधी उतरले, मग ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेतू आजाला एकसुळ्या नाल्यात मेलेला सापडला. सोमा मचाणावर होता, आणि जंगूबाई घरी, उन्हं वर येईपर्यंत झोपली होती.